विकतचा पखवाज आणि काकांची कणीक

नाटकाच्या पार्श्वसंगीतासाठी पखवाज हवा होता. इंदूरच्या हौशी मराठी नाटकवाल्यांचं बजेट काय असतं ते इथल्यांना सांगायला नको. वादक बसवायचा म्हणजे तालमींनाही तो हवा, त्याचं मानधन आलं, येणं-जाणं आलं, आणि नेमकं प्रयोगाच्या आठवड्यात त्याच्या घरी लग्न निघतं. म्हणून संगीत संगणकावर बांधायचं आणि प्रयोगात कीबोर्डवरून वाजवायचं, ही आमच्या ग्रुपची जुनी रीत. पेटी, तानपुरा, बासरी सगळं सॅम्पलरमधूनच येतं. पखवाजाची वेळ पहिल्यांदाच आली, कारण दुसऱ्या अंकात दिंडी होती.

सॅम्पलर म्हणजे खऱ्या वाद्याचे सुटे सुटे आवाज रेकॉर्ड करून कीबोर्डच्या पट्ट्यांवर बसवण्याची सोय. १९६३ च्या मेलोट्रॉन नावाच्या कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टीखाली टेपचा तुकडा असायचा आणि सुमारे आठ सेकंदांत तो संपायचा. पुढे टेप जाऊन मेमरी आली, पण तीही तोकडी. १९९८ मध्ये गिगासॅम्पलर नावाच्या सॉफ्टवेअरनं आवाज थेट हार्ड डिस्कवरून वाजवून दाखवले आणि तेव्हापासून लायब्ऱ्या, म्हणजे असे तयार आवाजांचे संच, अशा फुगल्या की एका पियानोसाठी कित्येक जीबी डाउनलोड करत बसावं लागतं.

आधी विकतचाच मार्ग धरला. नोव्हेंबरच्या सेलमध्ये भारतीय तालवाद्यांची एक लायब्ररी घेतली. किंमत डॉलरमध्ये, वर १८ टक्के जीएसटी, त्यावर बँकेचा परकीय चलनाचा आकार. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतील तर बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते आधी सुरू करा, नाहीतर सेल संपेपर्यंत ‘पेमेंट फेल’ वाचत बसाल. आणखी एक गोष्ट पैसे भरायच्या आधी वाचून घ्यायची: लायब्ररीला काँटॅक्ट हे सॅम्पलरचं सॉफ्टवेअर पूर्ण, विकतचं लागतं की फुकटचा काँटॅक्ट प्लेअर चालतो. प्लेअरसाठी परवाना न घेतलेली लायब्ररी फुकटच्या प्लेअरमध्ये १५ मिनिटं वाजते आणि बंद पडते. तालमीला ठीक आहे, प्रयोगात दिंडी मध्येच थांबेल.

लायब्ररी वाईट नव्हती. तबला तर फार सुंदर होता. बायाँची घुमक, चाटेवरचा ‘ना’, सगळं जागच्या जागी. पखवाज मात्र कोपऱ्यातल्या एका फोल्डरमध्ये, मोजके बोल, आणि जोराचे दोनच थर, म्हणजे हळू आणि जोरात अशी प्रत्येक बोलाची दोनच रेकॉर्डिंगं. सॅम्पलरला प्रत्येक पट्टीचा जोर १ ते १२७ अशा आकड्यात कळतो. थर दोनच असले की हळू वाजवलं तरी आवाज फक्त लहान होतो, हलका होत नाही. हलक्या हाताच्या थापेचा नाद वेगळाच असतो, तो लहान केलेल्या जोराच्या थापेतून निघत नाही.

आमच्या रामबागेत एक काका पखवाज वाजवतात, त्यांना ऐकवलं. होळकरांच्या पदरी नाना पानसे होते, पखवाजाचं एक अख्खं घराणं या गावातून उभं राहिलं, तेव्हा इथल्या पखवाजवाल्याला संगणकातला पखवाज ऐकवायला थोडं धाडसच लागतं. काकांनी एकदा ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं आणि म्हणाले, “हात चांगला आहे रे कोणाचा तरी. पण धूम कुठे आहे? हा उजव्या बाजूचा पखवाज झाला.”

मी डावीकडचा आवाज वाढवून दाखवला. ते हसले. “वाढवून काय होतंय? सुकलेल्या कणकेवर वाजवलंय ते.”

तिथूनच आपला पखवाज आपण करायचं ठरलं. काका तयार झाले, पण त्यांच्या अटीवर: एका बैठकीत सगळं उरकायचं नाही, आणि मध्ये चहा.

सगळ्यात मोठी अडचण जागेची. स्टुडिओचं भाडं परवडेना, म्हणून काकांचीच आतली खोली घेतली. गाद्या भिंतीला उभ्या केल्या, दारावर रजई टाकली. पहाटे शांत असेल असं वाटतं, पण सकाळ झाली की कचरागाडी तिचं गाणं लावून गल्लीत शिरते, आणि इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येत असल्यामुळे ती गाडी कधी चुकत नाही. मग उरली रात्र. बाराच्या पुढे रस्ता निवतो. पंखा अर्थातच बंद. मे महिन्यात बंद खोलीत, पंख्याशिवाय, रजई टाकलेल्या दारामागे काय होतं याचं वर्णन करत नाही.

आता कणकेचं. पखवाजाच्या उजव्या पुडीला, म्हणजे त्या तोंडावरच्या चामड्याला, कायमची शाई (काळा लेप) असते, डाव्या पुडीला वाजवायच्या आधी कणीक लावतात. ती ओली, जड असते तोवर डावीकडून तो खोल, पोट हलवणारा नाद येतो. सुकायला लागली की वजन घटतं, नाद चढतो आणि कोरडा होतो. काकूंनी पोळ्यांच्या परातीतून गोळा काढून दिला तर काकांनी तो परत पाठवला: तेल-मिठाची नको, नुसत्या पाण्यात भिजवलेली आण, पोळीपेक्षा सैल. मग बोटं ओली करून त्यांनी ती पुडीच्या मधोमध थापली, कडा पातळ करत नेली, एक थाप मारली, चिमूटभर काढली, पुन्हा थाप मारली. तीनचारदा असं झाल्यावर एकदम खोलीच घुमली. मी हेडफोन लावून बसलो होतो, तो काढून ठेवला.

पण मे महिना. डावी बाजू तासाभरात चढलेली कानालाच कळायची, आणि सुरुवातीचा ‘धा’ शेवटच्या ‘धा’शी जुळेना. त्यावर आम्ही क्रम बदलला: कणीक लावली की आधी डाव्या हाताचे आणि दोन्ही हातांचे खुले बोल, मग नुसते उजव्या हाताचे, बंद बोल सगळ्यात शेवटी. प्रत्येक विश्रांतीनंतर काका एकच खुली थाप मारायचे, मी ती पहिल्या थापेशेजारी ठेवून ऐकायचो. फरक वाटला की पाण्याचा हात, नाहीतर नवी कणीक.

दुसरी गोष्ट मला काकांनी शिकवली, कुठल्याही व्हिडिओत सापडली नव्हती. माझा हिशेब असा की डावा आवाज वेगळा, उजवा वेगळा रेकॉर्ड करायचा आणि ‘धा’ हवा तिथे दोन्ही एकदम वाजवायचे. निम्मं काम वाचलं असतं. काका म्हणाले, करून बघ. केलं, आणि खरंच तो ‘धा’ नव्हता. दोन माणसं एकाच वेळी बोलल्यासारखं वाटत होतं. खोड एकच, आतली हवा एकच, एका पुडीवर थाप पडली की दुसरी पुडीही हलते. त्यामुळे ‘धा’, ‘धिं’, ‘धेत्’ हे जोडबोल पूर्णच्या पूर्ण घेतले.

प्रत्येक बोलाचे जोराचे चार थर, आणि प्रत्येक थरात पाच वेगवेगळ्या थापा. या पाच थापा सॅम्पलर आळीपाळीनं वाजवतो. त्या नसतील तर ‘धुमकिट तकिट’ द्रुत वाजवताना तोच तो आवाज खडखडत येतो आणि प्रेक्षागृहातल्या शेवटच्या रांगेलाही कळतं की हे यंत्र आहे. काका मात्र पाच सारख्या थापा द्यायला तयार नव्हते. “सारखी थाप कशाला पाहिजे? सारखी नाही म्हणून तर पाच घेतोयस ना?” बरोबर होतं.

स्वराचा प्रश्न उरतो. सॅम्पलर स्वर चढवतो म्हणजे रेकॉर्डिंग भरभर वाजवतो, त्यानं थाप आखूडही होते. अर्धा स्वर खपून जातो, त्यापुढे पखवाज खेळण्यातला वाटायला लागतो. काकांनी उजवी पुडी गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून आधी पेटीच्या पांढरी एकला लावली, सगळे बोल झाल्यावर काळी दोनला. पांढरी एकमधून पांढरी सात आणि काळी एक निघते, काळी दोनमधून पांढरी दोन आणि तीन. नाटकातल्या गायकाला तेवढं पुरेसं होतं. सॅलमँडर नावाचा फुकट मिळणारा पियानो आहे, यामाहा सी५ वरून केलेला, जोराचे १६ थर असलेला. त्यातही दर तीन पट्ट्यांनी एकच स्वर रेकॉर्ड केलेला आहे.

रेकॉर्डिंगला मजा आली. कापाकापीला नाही. ज्यांना वाटतं की घरचे आवाज स्वस्त पडतात, त्यांनी हा भाग मनावर घ्यावा. शेकडो थापा, प्रत्येकीची सुरुवात नेमकी पकडायची. थापेआधी दहा मिलिसेकंद शांतता राहिली तरी बोट आधी पडतं आणि आवाज मागून येतो. सेकंदाला ४८,००० बिंदूंच्या रेकॉर्डिंगमध्ये हे ४८० बिंदू, पडद्यावर दिसतही नाहीत. जास्त कापलं तर थापेची धारच जाते. आणि सगळ्या फाइली एका पातळीला आणायचं जे बटण असतं त्याला हात लावायचा नाही, हळू थापा मोठ्या झाल्या की चार थर घेतल्याचा उपयोगच राहत नाही. हे सगळं मी रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं, त्याचा लहान परवाना ६० डॉलरचा आहे.

बांधणीसाठी एसएफझेड वापरलं. ही साधी मजकुराची फाइल असते: कुठला आवाज कुठल्या पट्टीवर, किती जोरापासून किती जोरापर्यंत, आळीपाळीत कितवा. सफोर्झांडो नावाच्या फुकट प्लेअरमध्ये ती चालते. त्यात एक सूचना अशीही देता येते की बंद बोल वाजला की घुमत असलेला खुला बोल तिथेच थांबावा, जसा हात पुडीवर ठेवल्यावर थांबतो. ती ओळ टाकली आणि कीबोर्डवर वाजवताना पहिल्यांदा पखवाज वाजवल्यासारखं वाटलं. सगळं मिळून काहीशे एमबी झालं.

मग विकत काय घ्यायचं? माझ्यापुरतं उत्तर सरळ आहे. व्हायोलिनचा ताफा, मोठा पियानो, चर्चचा ऑर्गन हे मी घेतो, कारण तसा हॉल आणि तेवढे वादक मला जन्मात मिळायचे नाहीत. पखवाज, घरची पेटी, देवळातली घंटा, नाटकाच्या टेबलावर आपटायचा पितळी तांब्या हे स्वतः करतो. तबला अजूनही विकतचाच वाजवतो, तो खरोखर चांगला आहे.

परवान्याचंही एक आहे. विकत घेतलेल्या लायब्ररीत बहुतेक वेळा आपण वापरण्याचा हक्क घेतो, आवाजांची मालकी नाही. त्यातून नवी लायब्ररी करून वाटता येत नाही. स्वतःच्या रेकॉर्डिंगची मालकी आपली असते, पण वाजवणाऱ्याचेही हक्क असतात, आपल्या कॉपीराइट कायद्यात ते कलम ३८ पासून आहेत. काकांशी आधीच कागद केला: मानधन, श्रेयनामावलीत नाव, आणि त्यांना विचारल्याशिवाय कोणाला द्यायचं नाही. काकांनी चष्मा लावून वाचला आणि ‘श्रेयनामावली’च्या आधी हातानं ‘मोठ्या अक्षरात’ लिहिलं.

दिंडी प्रयोगात व्यवस्थित झाली. आता आणखी दोन स्वर आणि छोटे परण (बोलांच्या बांधलेल्या रचना) घ्यायचे आहेत. मी म्हटलं पावसाळ्यात बसू, कणीक लवकर सुकणार नाही. काका म्हणाले, दमट हवेत शाईची पुडी उतरते, गट्टे ठोकून ठोकून हात दुखतील. त्यामुळे दिवाळीनंतरचं ठरलंय.