तुम्ही विचारलंत म्हणून: मेस्कालमध्ये धुराशिवाय काय असतं?

भारतातून पाहुणे आले की जेवणाआधी मी टकीलाऐवजी मेस्काल या मेक्सिकन दारूची बाटली काढतो आणि ठरलेला प्रश्न येतो: "धुराचा वास सोडला तर यात आहे काय एवढं?" मागोमाग दुसरा: "आणि एवढे पैसे कशाचे?" मी राहतो लॉस एंजेलिसला. इथे मेक्सिकोतल्या वाहाकाची, म्हणजे मेस्कालच्या मुलखातली, माणसं भरपूर, त्यामुळे चांगली बाटली मिळायला त्रास नाही. उत्तर मात्र दोन वाक्यांत बसत नाही, आणि मी सुरुवात करेपर्यंत पाहुण्यांनी सोडा मागितलेला असतो. म्हणून एकदाच सविस्तर सांगतो.

आधी धुराचा निकाल लावू. मेस्काल होतं अगावेपासून, म्हणजे आपल्या घायपाताच्या भाऊबंदांपासून. आपल्याकडे बांधाला केकताड लावतात, त्याचा वाख काढून दोर वळतात. हे सगळं कूळ मूळचं मेक्सिकोकडचं. दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाका राज्यात झाड तयार झालं की त्याची पाती छाटतात आणि मधला गड्डा भाजायला घेतात. जमिनीत मोठा खड्डा, त्यात लाकडं, लाकडांवर दगड. दगड तापून लाल झाले की त्यावर गड्डे रचायचे, वरून चोथा, चटया आणि माती टाकून सगळं बुजवायचं. तीन ते पाच दिवस ते आतल्या आत शिजत राहतं. कच्च्या गड्ड्यात गोडवा नसतो. या आचेने त्यातल्या इन्युलिनची, म्हणजे झाडाने साठवलेल्या कर्बोदकाची, साखर होते. शिजलेला तुकडा आपण उसाचं करवं चावतो तसा चावायचा आणि चोथा थुंकायचा. चव काकवीची, जराशी रताळ्याकडे झुकलेली. धुराचा वास येतो तो या खड्ड्यातून. टकीलाचे गड्डे बहुतेक ठिकाणी वाफेवर शिजवतात, म्हणून तिला तो वास नाही. थोडक्यात, धूर हा भाजणीचा भाग. ज्या मेस्कालात नुसता धूरच लागतो, ते मला फसलेलं वाटतं.

मग चव कुठून येते? पहिली गोष्ट म्हणजे झाडाची जात. टकीलाला कायद्याने एकच निळा अगावे चालतो, मेस्कालला कितीतरी. सगळ्यात जास्त लागवड एस्पादिनची, तो साधारण सहा ते आठ वर्षांत तयार होतो. डोंगरातल्या खडकाळ सावलीत वाढणारा छोटा तोबाला दहा-पंधरा वर्षं घेतो. कड्याकपारीत वाढणारा तेपेस्ताते कधीकधी पंचवीस वर्षं. यातलं प्रत्येक झाड आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं, आणि फुलोऱ्याचा दांडा वर निघाला की साठवलेली साखर त्यात खर्ची पडायला लागते. म्हणून दांडा वेळीच तोडतात आणि झाड पुढे तसंच काही महिने उभं ठेवतात. पैसे कशाचे, याचं निम्मं उत्तर इथेच मिळालं. उसाचा खोडवा घेता येतो. इथे एकदा गड्डा काढला की विषय संपला.

दुसरी गोष्ट गाव. यावर लोक फार काव्यात्म बोलतात, जणू मातीच पेल्यात उतरते. मला ते पटत नाही. माती तोंडात लागत नाही. जागा काम करते ती हवेतून, पाण्यातून, आंबवणीतून. भरडलेला अगावे लाकडी पिंपांत उघड्यावर आंबवतात. वरून यीस्ट टाकत नाहीत, त्या अंगणातल्या हवेत आणि पिंपाच्या लाकडात जे असेल तेच काम करतं. गारठ्यात आंबवण रेंगाळते, उन्हाळ्यात धावते. सांतियागो मातात्लान हे गाव सुमारे १,७०० मीटरवर आहे; सान लुइस देल रिओ त्याहून खाली, नदीकाठी, उष्ण. दोन्हीकडे एस्पादिनच, पण पहिल्या गावचं मेस्काल मला बहुतेक वेळा करकरीत, कोरडं लागलं आहे आणि दुसऱ्याचं पिकल्या फळाकडे झुकणारं. सांता कातारिना मिनासमध्ये तर तांब्याच्या भट्टीऐवजी मातीची मडकी. खालच्या मडक्याखाली जाळ, त्यावर बूड नसलेलं दुसरं मडकं, आणि त्याच्या तोंडावर गार पाण्याचं तांब्याचं घमेलं. वाफ घमेल्याच्या बुडाला लागून थेंब होते आणि नळीतून बाहेर येते. अशी भट्टी थोडी थोडीच निघते, पण त्या मेस्कालला एक मऊ, ओलसर वास असतो. मडक्यामुळे असेल, हाताच्या सवयीमुळेही असेल.

हात म्हणजे काय ते भट्टीवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. दारू दोनदा गाळतात. पहिल्या धारेची कडक दारू वेगळी, शेवटची पाणचट वेगळी, आणि मग सगळ्यांचा मेळ घालायचा. तो कसा जमतो? भट्टीवाला बोरूची पोकळ नळी दारूत बुडवतो, तोंडाने ओढून भरतो, वरच्या टोकाला बोट लावतो आणि सुक्या फळाच्या कवचाच्या वाटीत, हिकारात, धार सोडतो. वाटीत बुडबुडे येतात. तो चाखत नाही, बघतो. मण्यांसारखे बुडबुडे कडेला गोळा होऊन थोडा वेळ टिकले की दारू पन्नास टक्क्यांच्या आसपास आहे. लगेच फुटले तर दारू एकतर जास्त कडक आहे, नाहीतर जास्त सौम्य. कडक की सौम्य हे तो पुन्हा धार सोडून ठरवतो. द्रवांच्या प्रवाहाचा अभ्यास करणारे रॉबेर्तो झेनित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली प्रयोगशाळेत हे तपासलं, तर बुडबुडे खरोखरच त्या सुमाराला सर्वांत जास्त टिकतात. भट्टीवाल्याला अर्थातच या बातमीचं विशेष काही वाटलं नसणार.

मी सावंतवाडीचा, त्यामुळे मला हे फार परकं वाटलं नाही. काजूच्या दिवसांत बोंडाच्या रसाची पहिल्यांदा गाळलेली हुर्राक आणि मागाहून फेणी. रस तसाच उघड्यावर आंबलेला, भट्टी तशीच लाकडावरची. गोव्याच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, मेस्कालला मेक्सिकोत तसलं संरक्षण १९९४ पासून आहे. आणि फेणीच्या वासाला नाक मुरडणारे पुण्यामुंबईचे लोक तेच, जे मेस्कालच्या धुराला मुरडतात.

आता प्यायचं कसं. बर्फ नको, सोडा नको, एका घोटात तर अजिबात नको. पसरट, छोटा पेला घ्या. आधी दोन थेंब तळहातावर चोळा आणि अल्कोहोल उडू द्या. मागे भाजलेल्या गड्ड्याचा गोड वास राहिला तर माल चांगला. पहिला घोट ओठ भिजण्याइतका, तो जिभेच्या सवयीसाठी. त्याच्यावरून मत बनवू नका. धूर पहिल्या घोटातच पुढे येतो, दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला मागे हटतो आणि मग बाकीचं लागायला लागतं: तेपेस्ताते असेल तर हिरव्या मिरचीच्या देठाचा वास, तोबाला असेल तर फळ. सोबत संत्र्याची फोड आणि अळीचं मीठ देतात. अगावेवरच्या अळ्या वाळवून मिरची-मिठात कुटलेलं हे तिखट मीठ मला आवडतं, पण पेला संपत आल्यावर. बाटलीतली अळी मात्र गेल्या शतकातली विक्रीची युक्ती. ती असलेली बाटली मी दुकानातच ठेवतो.

लेबल वाचा. अगावेची जात, गाव, बनवणाऱ्याचं नाव आणि 'आर्तेसानाल' (हातकामाचं) किंवा 'आन्सेस्त्राल' (पूर्वापार पद्धतीचं) हा शब्द असला पाहिजे. नुसतं 'मेस्काल' लिहिलं असेल तर कायद्याने कारखान्याची यंत्रंही चालतात. ताकद ४५ टक्क्यांच्या पुढची घ्या. तेपेस्तातेच्या मागे लगेच लागू नका; रानातलं झाड ज्या वेगाने खणलं जातं आहे त्या वेगाने वाढत नाही, मीसुद्धा ते क्वचितच घेतो. सुरुवातीला दोन वेगळ्या गावांचा एस्पादिन घ्या आणि दोन पेले शेजारी शेजारी ठेवून प्या. त्याच संध्याकाळी तिसरी बाटली उघडायचा मोह होईल, पण उघडू नका; तोवर जिभेला काहीही चांगलंच लागायला लागलेलं असतं.