तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच गोळीची बंदूक कशाला?

गणपतीच्या जेवणात तुम्ही विचारता, कुडाळहून मावशी व्हिडिओ कॉलवर विचारते, ऑफिसात नवीन आलेला पुण्याचा मुलगा तर चपला काढता काढताच विचारतो, "बंदुका? घरात? आणि त्यापण एकेक गोळीच्या?" म्हणजे बंदूक ठेवली म्हणून मी भयंकर, आणि एकाच गोळीची ठेवली म्हणून येडा. एकदा काय ते ठरवा राव.

शाळांमधल्या गोळीबारांचं मला नका सांगू, माझी दोन मुलं इथे अमेरिकेत, ओहायोतच शाळेत जातात आणि लॉकडाऊन ड्रिल, म्हणजे गोळीबार झाला तर लपायचा सराव, करून घरी येतात. तिजोरी कशी उघडते ते बायकोला आणि मला, फक्त दोघांना माहितीय. याच्यापुढे त्या विषयावर मी वाद घालत नाही, कारण घातला की मी हरतो, आणि हरलो तरी तिजोरी काही रिकामी करत नाही.

तिजोरीत तीन आहेत, तिन्हींत एका वेळी एकच काडतूस बसतं, मारलं की दुसरं हाताने भरायचं. एक रेमिंग्टन रोलिंग ब्लॉक. एक रूगर नंबर 1, ही 1967 पासूनची, पण आतली यंत्रणा ढापलेली 1872 च्या फार्कहरसन नावाच्या जुन्या ब्रिटिश रायफलवरून, आणि खरी फार्कहरसन घ्यायची माझी ऐपत नाही. आणि तिसरी विंचेस्टर 1885, जिला हाय वॉल म्हणतात. जॉन ब्राउनिंगला हिच्या डिझाइनचं पेटंट 1879 मध्ये मिळालं तेव्हा तो चोवीस वर्षांचा, ऑग्डन गावात भावांबरोबर छोट्याशा दुकानात या बंदुका बनवायचा, मग 1883 मध्ये विंचेस्टर कंपनीने 8,000 डॉलर देऊन हक्कच विकत घेतले. लिव्हर खाली ओढली की पोलादी ठोकळा सरळ खाली सरकतो, नळीचं मागचं तोंड उघडं पडतं, काडतूस सरकवायचं, लिव्हर वर, टक. तो टक ऐकायला मी टीव्ही बघता बघता रिकामी बंदूक पाच पाच वेळा उघडबंद करतो, बायको आता बघतपण नाही.

आधी मी लोकांना आजोबांची गोष्ट सांगायचो. शेतीसंरक्षणाचा परवाना, ठासणीची बंदूक, रात्री रानडुकरं भातात शिरली की एकच बार, निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. छान वाटते ऐकायला. खरं सांगू? आजोबांनी मला तिला हातसुद्धा लावू दिला नव्हता आणि ते स्वतः बहुतेकदा हवेतच बार काढायचे, डुकरं पळाली की परत झोपायचे. बंदुकीचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. "दारू काय फुकट गावता?" एवढंच. (ठासायची दारू. गैरसमज नको.) मी त्यांचं नाव पुढे करत होतो कारण मग पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

आजोबा सोडले तर दुसरं भाषण होतं: एकच गोळी असली की माणूस जपून मारतो, नेम पक्का असेल तरच चाप ओढतो, प्राण्याशी प्रामाणिक राहतो. हे मी दहाएक वर्षं मनापासून बोललो.

मग 2018 ची गन वीक, म्हणजे बंदुकीने हरणं मारायचा आठवडा. थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं रान, ज्याच्याकडे मी दरवर्षी विचारून जातो. पूर्वी इथे हरणाला रायफल चालायचीच नाही, शॉटगन नाहीतर ठासणीची, 2014 पासून सरळ कवचाची (तोंडाकडे एकदम अरुंद न होणारी) काडतुसं चालायला लागली आणि माझी .45-70 काडतुसाची हाय वॉल एकदम कायदेशीर झाली. 1873 चं लष्करी काडतूस, नावातले 70 म्हणजे 70 ग्रेन (साधारण साडेचार ग्रॅम) काळी दारू, आणि मीपण हौसेने काळीच भरली होती, दुर्बीण नाही, नेम धरायला जुनी साइट, सगळं कसं अस्सल. पाच वाजत आले होते, उजेड जात होता. साठेक यार्डांवर एक मादी आली. मी चाप ओढला आणि समोर पांढरा धूर, वारा शून्य, धूर हलेचना, मी वाकून खालून बघतोय तर ती तिथेच उभी, पाठीची कमान करून. पाठ अशी वाकली म्हणजे पोटात लागलीय, एवढं मला कळत होतं. चार सेकंद असतील, पाच असतील. हिच्यात रिकामं कवच उडून बाहेर पडत नाही, नुसतं थोडं मागे येतं, बोटांनी काढावं लागतं. हातात मोजे. दुसरं काडतूस खिशात, किल्ल्यांखाली. ते हातात येईपर्यंत ती गेली होती.

पोटात लागली की लगेच मागे जायचं नसतं, ती आणखी पळते. मी चार तास गाडीत बसलो. मग टॉर्च घेऊन रक्त शोधत गेलो, काळपट, थेंबभर इथे, थेंबभर तिथे, प्रत्येक थेंबाजवळ टॉयलेट पेपरचा तुकडा. मध्यरात्री थेंब संपले. सकाळी म्हातारा आणि मी दोघं गेलो, नाल्यापलीकडे सापडली. कायोटींनी, म्हणजे इथल्या रानटी कोल्ह्यांनी, मागून खायला सुरुवात केली होती. आणि तिच्याखालची पानं अशी उकरलेली की ती बराच वेळ जिवंत असणार. म्हातारा एकच बोलला, माझ्या नातवाच्या बोल्ट ॲक्शनने (खटका मागेपुढे केला की पुढची गोळी चढते ती) दुसरी गोळी लगेच मारली असती. टोमणा नव्हता तो, म्हणूनच लागला.

माझं भाषण त्या नाल्यात गेलं. मी जपून नव्हतो, मला त्या जुन्या बंदुकीने, जुन्या दारूने, जुन्या पद्धतीने मारायचं होतं, आणि त्या हौसेची किंमत तिने दिली. हे मी बायकोलापण दोन वर्षांनी सांगितलं.

मग विकून टाक की, असं तुम्ही म्हणाल, मीपण म्हणालो होतो. विकली नाही. आता रूगर नेतो, दुर्बीण लावलेली, धूर न होणारी दारू, दुसरं काडतूस डाव्या हाताच्या बोटांत धरून. पण तीही एकाच गोळीची. का, म्हणून परत विचारलंत तर परत चिडेन. नाल्यापलीकडच्या त्या हरणाआधीचा मी म्हणायचो शिस्त, आता तो शब्द तोंडात येत नाही, आणि त्या जागी दुसरा कुठला आलेला नाहीये. टक आवडतो. एवढं नक्की.

हाय वॉल नेमबाजीच्या रेंजवर नेतो, कागदावर मारतो, घरी आलो की उकळत्या पाण्याने साबण लावून नळी धुतो, मोरीत सडक्या अंड्यांचा वास सुटतो आणि मुलगी विचारते, बाबा, मी धरू? अजून नाही म्हणतोय. यंदाचा हरणाचा परमिट काढून ठेवलाय.