उताराचं कुणी विचारत नाही

"आम्ही सहा-सात मित्र, सगळे कोल्हापुरातलेच. वर्षातनं एक सुट्टी डोंगरात काढायची ठरवलंय. पावसाळ्यात चालत, दिवाळीनंतर सायकलवरनं घाट, आणि जमलं तर जानेवारी-फेब्रुवारीत बर्फावर स्की. दम किती लागेल?" हा प्रश्न थोड्याफार फरकानं सारखा कानावर येतो. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा बैजवार सांगतो.

दमाची फार काळजी करू नका. चढावर दम लागला की माणूस आपसूक थांबतो, पाणी पितो, पुन्हा चालू लागतो. उतारावर तसं होत नाही. तिथं दम लागत नाही, त्यामुळं थांबायची आठवण होत नाही, आणि तेवढ्यात ब्रेक, गुडघा किंवा अंगठ्याचं नख कामातनं जातं. सायकल असो, ट्रेक असो की स्की, सुट्टी मोडते ती बहुतेक वेळा उतरताना. म्हणून मी उताराचंच सांगणार आहे.

सायकलपासून सुरू करू. गगनबावडा हे घाटमाथ्यावरचं गाव कोल्हापूर शहरापासून साधारण ५५ किलोमीटर. कळे, असळज करत रस्ता हळूहळू वर जातो, आणि गावाच्या पुढं एक फाटा करूळ घाटानं वैभववाडीकडं, दुसरा भुईबावडा घाटानं खारेपाटणकडं उतरतो. तिथपर्यंत सगळे हसतखेळत पोचतात. पुढं काय होतं ते हिशोबानं बघा. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरा आणि ५०० मीटर खाली उतरायचंय असं समजा. एवढ्या उतरण्यात साधारण ४०० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. सव्वा लिटर साधं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तेवढीच ही. त्यातली काही वारा खातो, उरलेली सगळी तुमच्या ब्रेकमध्ये जाते.

म्हणूनच घाटभर ब्रेक अर्धवट दाबून ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक. भीतीपोटी माणूस तेच करतो. रिम ब्रेक, म्हणजे चाकाची कडा आवळणारा ब्रेक, असेल तर रिम तापते, आतल्या ट्यूबवरच्या जुन्या पॅचचं सोल्युशन मऊ पडतं आणि पॅच सुटतो, कधी ट्यूबच फुटते. डिस्क, म्हणजे चाकाच्या मधली चकती आवळणारा ब्रेक, असेल तर घासणाऱ्या पॅडच्या तोंडावर काचेसारखी चकाकी येते आणि दाबूनही पकड मिळत नाही. हायड्रॉलिक ब्रेकमधलं तेल फार तापलं तर लिव्हर हँडलला टेकतो आणि सायकल तशीच पळत राहते. पद्धत उलटी हवी. सरळ पट्ट्यात ब्रेक सोडा, ताठ बसा, छातीवर वारा घ्या. वाऱ्यासारखा फुकटचा ब्रेक नाही. वळण आलं की वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग उतरवा आणि वळणात शिरताना सोडून द्या. वळणात बाहेरच्या बाजूचं पेडल खाली आणि त्यावर वजन. नजर कठड्यावर ठेवू नका, वळण जिथं संपतं तिथं ठेवा. सायकल नजरेमागं जाते.

निघायच्या आदल्या दिवशी चाक काढून पॅड डोळ्यांनी बघा. मागची लोखंडी पट्टी सोडून पॅडचा थर १ मिलिमीटरवर आला असेल तर बदला, "अजून एक ट्रिप निघेल" म्हणू नका. पावसाळ्यातली ओली वाळू आणि तांबडी माती पॅडला कानसेसारखी खाते. ओल्यात मेटल पॅड रेझिनच्या मऊ पॅडपेक्षा जास्त टिकतात. आवाज करतात, करू देत. रिम ब्रेकच्या रबरावरच्या खाचा पुसट झाल्या असतील तर रबर संपलंय. त्यात अडकलेले ॲल्युमिनियमचे चमकते कण सुईनं काढा, नाहीतर तेच रिम खरवडतात. आणि कोणता लिव्हर पुढच्या चाकाचा, ते सायकलवर बसण्याआधी बघून घ्या. मित्राच्या किंवा भाड्याच्या सायकलीला उलटं असू शकतं.

हवा टायरवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत ठासून भरू नका. ७० किलोच्या माणसाला २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ७५-८० पीएसआय, ३२ च्या टायरमध्ये ६० च्या आसपास, एमटीबीच्या (डोंगरी सायकलीच्या) २.१ इंची टायरमध्ये ३० ते ३५ पुरते. रस्ता ओला असेल तर आणखी पाच कमी. दगडागत घट्ट टायर घाटातल्या कचेवर उड्या मारतं आणि उडालेल्या चाकाला ब्रेक लागत नाही.

चढावर बिघडते ती एकच गोष्ट सांगून ठेवतो. सायकल गाडीत उजव्या अंगावर आडवी टाकली की गिअरचा हँगर, म्हणजे चेन सरकवणारा मागचा डिरेलर ज्याला लटकतो तो धातूचा तुकडा, किंचित वाकतो. सपाटीला कळत नाही. घाटात सगळ्यात हलका गिअर टाकला की डिरेलर थेट स्पोकमध्ये जातो आणि सायकल तिथंच संपते. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, वाटेत कुठल्या दुकानात मिळेल ही आशा नको. आपल्या फ्रेमचा एक जादा हँगर आणि तुटलेली चेन जोडायची एक क्विक लिंक पिशवीत हवीच. डिस्कची सायकल खोक्यात घालून रेल्वेनं पाठवणार असाल, तर चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची जाड घडी सरकवा. कुणाचा हात लिव्हरवर पडला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि मुक्कामी पोचल्यावर चाक बसत नाही.

आता सोबत्यांचं. चढावर प्रत्येकानं आपल्या चालीनं जावं. जोडीनं चढायचा हट्ट धरला की जोरकस गडी कंटाळतो आणि मागचा फुटतो. उतारावर मात्र रांग ठरलेली हवी. पुढं रस्ता माहीत असलेला आणि डोकं शांत असलेला एक, सगळ्यात मागं पंप, पान्हे, ट्यूब आणि मलमपट्टी घेतलेला एक. कुठल्याही दोन सायकलींच्या मध्ये किमान तीस मीटर अंतर, आणि उतारावर आपल्याच माणसाला ओव्हरटेक करायचं नाही. घाटाच्या तोंडाशी आणि पायथ्याशी सगळे मोजायचे. गगनबावड्याला धुकं उतरलं की दहा मीटरवरचंही दिसत नाही, तेव्हा मागचा लाल दिवा भर दुपारीसुद्धा चालू. पावसाळ्यात दरड पडली की घाट बंद होतो, म्हणून आदल्या दिवशी गगनबावड्यात कुणाला तरी फोन करून विचारा.

ऊस सुरू झाला की आणखी एक गोष्ट. गळीत हंगामात आपल्याकडच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. बऱ्याचदा मागं दिवा नसतो आणि भरलेला ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला असतो. रस्त्यावर पाचट आणि उसाची कांडी पडलेली असतात, आणि पुढचं चाक कांड्यावर चढलं की कांडं चाकाखाली गोल फिरतं. नोव्हेंबर ते मार्च अंधार पडल्यावर सायकल चालवायचीच नाही, असा नियम करून टाका.

आता पायी. पन्हाळा ते पावनखिंड ही आपल्या घरची वाट. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज विशाळगडाकडं याच मुलखातून गेले, आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी शत्रू रोखून धरला. आजही दर जुलैला किती तरी गट पन्हाळ्याच्या राजदिंडीतून उतरून मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी करत पांढरपाण्याकडं जातात. अंतर साधारण ५० किलोमीटर, दोन दिवस. या वाटेवर मोठा चढ असा नाही. आहे तो चिखल, भाताचे बांध, ओढे आणि पुन्हापुन्हा येणारे छोटे निसरडे उतार. मसाई पठारावर धुक्यात दिशा लागत नाही, तिथं हाकेच्या अंतरात चाला.

पाय सगळ्यात आधी बोटांपाशी जातो. उतरताना पाऊल बुटात पुढं सरकतं, अंगठा पुढच्या भिंतीवर हजारो वेळा आदळतो आणि संध्याकाळी नख काळं पडलेलं असतं. बूट घेताना संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. जाड मोजा घालून टाचेमागं एक बोट जाईल एवढी जागा ठेवा. लेस घोट्याजवळ आवळून बांधा म्हणजे टाच मागं धरून राहते. पुढं बोटांवर सैल चालेल. नखं दोन दिवस आधी काढा. बूट भिजणारच, वॉटरप्रूफच्या नादाला लागू नका. पाणी वरून आत शिरलं की तसल्या बुटातनं बाहेर निघत नाही. त्याऐवजी रात्रीच्या मुक्कामासाठी कोरड्या मोज्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवा आणि काही झालं तरी तो दिवसा काढू नका. ओलसर पाय रात्रभर कोरडा झाला तर दुसऱ्या दिवशी चालतो, नाहीतर कातडी सोलून निघते.

काठ्या दोन घ्या. उतरताना चढापेक्षा पाच-दहा सेंटिमीटर लांब करा. पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले. निसरड्या उतारावर माणूस भिऊन मागं रेलतो आणि तिथंच पाय सटकतो. वजन पावलांच्या बरोबर वर हवं.

स्कीमध्ये ही मागं रेलायची खोड सगळ्यात महागात पडते. सायकलवर तीव्र उताराला बूड थोडं मागं नेणं बरोबर, स्कीवर नेमकं उलटं. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेला सतत टेकलेली हवी. मागं बसलात की स्कीची टोकं हलकी होतात, वळत नाहीत, वेग वाढतो, आणि मागं बसलेल्या अवस्थेत पडताना गुडघ्याच्या आतलं लिगामेंट तुटतं. पडायची वेळ आलीच तर एका कुशीवर पडा, घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठायची धडपड करू नका, आणि काठी हातातनं सोडून द्या. काठी धरून पडलं की अंगठ्याचा सांधा जातो.

शिकायला गुलमर्ग, औली आणि मनालीजवळचं सोलंग या जागा. चार दिवसांच्या पॅकेजपेक्षा सरकारी संस्थांचा आठवडा-दोन आठवड्यांचा कोर्स करा असं मी आग्रहानं सांगेन, कारण पहिले दोन दिवस बूट घालणं, पडणं आणि उठणं यातच जातात. बूट घेताना लाजू नका. मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. दोन मोजे घातले की रक्त अडतं आणि पाय जास्त गार पडतो. थर्मलची पँट बुटात खोचू नका, तिची शिवण नडगीत रुतते. पाय घातल्यावर टाच जमिनीवर दोनदा आपटून मागं बसवा, मगच बकल लावा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढं जेमतेम लागली पाहिजेत, गुडघे वाकवल्यावर सुटली पाहिजेत. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, लावणारा वजन विचारेल, खरं सांगा. त्या आकड्यावरच पडल्यावर स्की पायातनं सुटणार की नाही हे ठरतं. गुलमर्गची गोंडोला (केबल कार) दुसऱ्या टप्प्यात ३,९०० मीटरच्या वर नेते. नवख्यानं तिथं बघायला जावं, स्की घेऊन नाही. आपण साडेपाचशे मीटरवरची माणसं. वर डोकं दुखून मळमळायला लागलं तर गोळी घेऊन बसू नका, खाली या. ताजं बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतं, म्हणून सनस्क्रीन नाकाच्या आणि हनुवटीच्या खालूनही लावा.

या सगळ्याची तयारी घरीच होते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो. त्यानं त्याला बारीक इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरतं. पण एकदा असं दुखून बरा झालेला स्नायू पुढचे काही आठवडे तेच काम बऱ्यापैकी सोसतो. म्हणून सुट्टीच्या आठ आठवडे आधीपासून दर रविवारी पन्हाळा किंवा ज्योतिबाचा डोंगर. वर कसंही जा, पण खाली चालत या. पहिल्या रविवारी एकदाच उतरा, बुधवारपर्यंत जिना उतरताना मांड्या धरतील. तिसऱ्या रविवारी पाच किलोची सॅक घ्या, पाचव्याला दोनदा उतरा. शेवटची मोठी उतरण निघायच्या दहा ते चौदा दिवस आधी, त्यानंतर नुसतं सपाटीला फिरणं. मिसळ खायचीच असेल तर उतरून आल्यावर. जाताना केळी, राजगिऱ्याचा लाडू आणि गुळाचा खडा पुरे.