बर्फाचं बूड

लाँगयिअरब्येन या गावाहून निघालेलं जहाज आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांच्या उत्तरेला बर्फात घुसलं आणि खरं सांगू, माझा थोडा हिरमोडच झाला. जिकडे बघावं तिकडे पांढरं, चिटपाखरू नाही. मे महिना, सूर्य मावळतच नाही, त्यामुळे झोपेचे तीनतेरा. तेवढ्यात जहाजाच्या धक्क्याने एक भलीमोठी लादी उलटली आणि तिचं बूड चक्क तपकिरी निघालं, गंज चढल्यासारखं!

ते शैवाल. समुद्राचं पाणी उणे १.८ अंशाला गोठतं, पण मिठाला बर्फाच्या स्फटिकात जागा नसते, मग ते खाऱ्या पाण्यासकट केसाएवढ्या बारीक नळ्यांमध्ये अडकतं आणि हे महाशय तिथेच बिऱ्हाड थाटतात, त्यातही बहुतेक सगळे अगदी तळच्या काही सेंटिमीटरमध्ये, कारण खालून पाण्यातलं खत आणि वरून झिरपणारा उजेड दोन्ही तिथे मिळतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बर्फावर उतरलो. एकजण बंदूक घेऊन अस्वलांवर नजर ठेवून, बाकीचे ड्रिलवर. दीड मीटर लांब कोअर, म्हणजे बर्फाचा दंडगोल, मी मोठ्या ऐटीत वर काढला आणि शेवटचा तुकडा सुटून परत भोकात, डुबुक! म्हणजे हवा होता तोच गेला, वरचा सव्वा मीटर शोभेचा. कोणी काही बोललं नाही, जे जास्त लागतं. दुसरा कोअर काढताना भोकाशी हाताची ओंजळच धरून बसलो. तळाचे ३ सेंटिमीटर करवतीने कापले, आणि लगेच अंधारात, कारण एवढ्या उजेडाची त्यांना सवय नसते. वितळवतानाही गाळलेलं समुद्राचं पाणी घालायचं, नाहीतर खारटपणा एकदम उतरतो आणि पेशी फुटतात.

मग भोकातून कॅमेरा सोडला. बर्फाच्या पोटाला मेलोसिरा या शैवालाच्या झिपऱ्या लोंबत होत्या आणि त्यांच्यात झिंग्यासारखे अ‍ॅम्फिपॉड उलटे चालत होते, हे शैवाल खातात, पोलर कॉड मासा त्यांना खातो, कॉडला सील. २०१२ मध्ये पोलारस्टर्न या जर्मन संशोधन जहाजावरच्या लोकांना हेच मेलोसिरा ४००० मीटरच्या आसपास खोल तळावर पडलेलं सापडलं होतं, वरचा बर्फ वितळल्यावर सुटून बुडालेलं. माझा तुकडा मात्र तसा बुडाला नव्हता, बर्फच तो, भोकाशेजारी खालून चिकटून तरंगत होता. स्क्रीनवर सगळ्यांनी बघितला. तेव्हा मात्र सगळे हसले.