कासवाला कुंपण, शार्कला चाकू
सोलापुरात मासा म्हणजे उजनीची चिलापी. समुद्र लांबच. त्यामुळे शिकवणीत सागरी जीवांचा विषय निघाला की पोरं पेंगायला लागतात. परवा मात्र एकीनं विचारलं, "सर, ऑलिव्ह रिडले कासव आणि व्हेल शार्क, दोघंही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत. मग जास्त धोक्यात कोण ओ?"

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत कासव 'असुरक्षित' आणि व्हेल शार्क 'संकटग्रस्त', म्हणजे शार्क एक पायरी पुढं. मार्कांपुरतं एवढं बास. खरी गंमत ते मरतात कसे आणि वाचतात कसे, यात आहे.

कासवाला फुप्फुसं असतात. बोटीमागं ओढत नेतात त्या ट्रॉलच्या जाळ्यात अडकून वर येता आलं नाही, तर समुद्रात जन्म काढणारा हा प्राणी चक्क बुडून मरतो. व्हेल शार्क बसएवढा असला तरी मासाच, कल्ल्यांनी श्वास घेणारा. वेळेत जाळं कापलं तर बऱ्याचदा पोहत निघून जातो.

पण कासवाची मादी अंडी घालायला वाळूवर येते, तिथं माणसाला काहीतरी करता येतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला 2002 पासून तेच चाललंय. पहाटे मादीच्या पावलांचा माग काढायचा, शंभरेक अंडी अलगद उचलायची, कुंपणातल्या तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची. दीड-दोन महिन्यांनी वरची टोपली उचलली की खाली पिल्लांची वळवळ. पूर्वी हीच अंडी चोरीला जायची.

व्हेल शार्कची पिल्लं आईच्या पोटातच अंड्यातून बाहेर येतात, आणि ती विताना अजून कुणी पाहिलेली नाही. कुंपण घालणार कुठं? गुजरातेत वेरावळकडं एकेकाळी त्यांची सर्रास शिकार व्हायची, यकृताचं तेल होड्यांना चोपडायचे. 2001 मध्ये कायद्यानं बंदी आली. पण कोळ्यांचा हात थांबला तो 2004 पासूनच्या मोहिमेनं. रामकथाकार मोरारी बापूंनी सांगितलं, ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. तेव्हापासून कोळी स्वतःचं जाळं कापून तिला सोडतात, वनखातं भरपाई देतं. मला कायद्यापेक्षा हे जास्त मोलाचं वाटतं. अनुसूची एकमध्ये आमच्या सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक पक्षीही आहेच की, 1979 पासून अभयारण्यासकट. दिसतो का?

पोरीला म्हटलं, पेपरात शार्क लिही. मला स्वतःला मात्र कासवाचीच जास्त धास्ती वाटते. वाळू जितकी तापेल तितक्या माद्या जास्त जन्मतात, आणि कुंपणातली वाळूसुद्धा तापतेच. मग नर उरणार कुठून?