हातात ड्रॉ, समोर अण्णा: तिसऱ्या महिन्याची नोंद

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की पोकरच्या हेड्स-अपमध्ये, म्हणजे दोघांच्याच खेळात, मी ड्रॉ (पान लागलं तरच पुरा होणारा अर्धवट हात) फार भित्रेपणानं खेळतो. चेक (काही न लावता थांबणं), कॉल (समोरच्यानं लावले तेवढेच लावणं), चेक, कॉल, आणि पान लागलं नाही की गुपचूप पत्ते खाली. या महिन्यात ते बदलायचं ठरवलं. बदललंही. पहिल्या तीन गुरुवारांत चिंचोक्यांची बरणी जवळजवळ रिकामी झाली.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी: आम्ही सांगलीत, विश्रामबागला, अण्णांच्या गच्चीवरच्या खोलीत दोघंच खेळतो. पैसे नाहीत. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर 2025 च्या कायद्यानं बंदी आली, पण अण्णांच्या खोलीत ती आधीपासूनच होती. प्रत्येकी 200 चिंचोके, ब्लाइंड (पानं बघण्याआधी लावायचेच चिंचोके) 1 आणि 2. हातात दोन-दोन पानं, मधे दोघांची सामायिक पाच: आधी तीन उघडतात तो फ्लॉप, चौथं टर्न, पाचवं रिव्हर. बटण (पानं वाटणाऱ्याची खूण) म्हणून काकूंच्या शिवणाच्या डब्यातलं कोटाचं काळं बटण. दोघांच्या खेळात ज्याच्यापुढे बटण त्याचाच स्मॉल ब्लाइंड. फ्लॉपच्या आधी तो पहिला बोलतो, नंतर शेवटी. ड्रॉ खेळताना हे शेवटी बोलणं किती मोलाचं असतं ते मला या महिन्यात कळलं, तेही पैकीच्या पैकी मार खाऊन.

आधी वाचलेलं ज्ञान. जोडी नसलेल्या दोन पानांना फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून बरं काही साधारण तीनातून एकदाच लागतं. म्हणजे समोरचाही बऱ्याचदा रिकामाच असतो. अशा वेळी ड्रॉवर रेज केली, म्हणजे लावलेले वाढवले, की दोन रस्ते उघडतात: एक तर तो पानं टाकेल, नाहीतर आपलं पान येईल. वाचून मी खूश. अण्णांना हे कुणी सांगितलेलं नाही, एवढंच विसरलो.

दुसऱ्या गुरुवारचा डाव. बटण माझ्याकडे, हातात इस्पिक नव्वी-अठ्ठी. 5 केले, अण्णांनी कॉल केला. पॉट (मधे जमलेले चिंचोके) 10. फ्लॉप: इस्पिक सत्ती, बदाम छक्की, इस्पिक दुर्री. फ्लशची (एकाच जातीची पाच पानं) नऊ पानं, सिक्वेन्सची (ओळीनं पाच) आठ (चार दश्श्या, चार पंज्या), त्यातली इस्पिकची दोन दोन्हीकडे मोजली गेली, ती वजा. पंधरा आउट्स, म्हणजे हात पुरा करणारी पानं. दोन पानं यायची असताना हा हात 54 टक्के वेळा पुरा होतो. चारनं गुणायचा सोपा नियम इथं 60 सांगतो. आउट्स जास्त असले की तो जरा फुगवून सांगतो, हे वहीत लाल पेननं लिहून ठेवलंय.

अण्णांनी 6 टाकले, मी 22 केले. अण्णांनी भडंगाची मूठ तोंडात टाकली, बोटं लुंगीला पुसली आणि कॉल. इथवर माझं काहीच चुकलं नाही, अजूनही तसंच वाटतं. पॉट 54.

टर्नला चौकट राणी. अण्णा चेक. आता एकच पान उरलं, म्हणजे तेच पंधरा आउट्स 54 वरून थेट 33 टक्क्यांच्या आत आले. मी मात्र फ्लॉपच्याच तंद्रीत. 40 टाकले. कॉल. रिव्हरला किलवर दुर्री. अण्णा चेक. माझ्याकडे नऊची अब्रू आणि 133 चिंचोके. सगळे ढकलले.

"अण्णा, विचार करा हं."

"विचार कशाला? बघितल्याशिवाय झोप यायची नाही मला." एक्का-सत्ती. बरणी तिकडे.

घरी येऊन हिशेब मांडला. रिव्हरला 134 च्या पॉटवर 133 टाकले, म्हणजे निम्म्या वेळा अण्णांनी पानं टाकली तरच तो ब्लफ फिटतो. अण्णा निम्म्या वेळा? त्यांनी सत्तीची जोडी टाकलेली मी उभ्या आयुष्यात पाहिलेली नाही. पण खरी चूक त्याआधीची, टर्नची. ते चेक करून बसले होते आणि मी शेवटी बोलणार होतो. मीही चेक केलं असतं तर शेवटचं पान फुकट दिसलं असतं. फुकट मिळणारी वस्तू मी 40 चिंचोके मोजून घेतली.

म्हणून आता अण्णांसमोर मजबूत ड्रॉ फ्लॉपवर जोरात खेळतो, कारण तिथं दोन पानं बाकी असतात आणि पॉट फुगवायला हरकत नाही. टर्नला लागलं नाही आणि बटण माझं असेल तर हात आखडता. लागलं, तर मात्र पॉटएवढी किंवा त्याहून मोठी बेट; जो सोडत नाही त्याच्याकडून पुरती वसुली करायची. माझा मेहुणा कधीमधी मिरजेहून येतो, तो भराभर पानं टाकतो. त्याच्यासमोर टर्नलाही बेट चालू ठेवतो, आणि ती चालते.

दुसरी गोष्ट छोटी आहे, पण मला आवडली. एक्क्याचा फ्लश ड्रॉ आणि नव्वी-अठ्ठीचा ड्रॉ मी एकसारखे खेळायचो. हेड्स-अपमध्ये नुसता एक्का बऱ्याचदा तसाही पुढं असतो, त्यामुळे तो हात कॉल करूनही नेता येतो. नव्वी-अठ्ठीला पान लागलं नाही तर दाखवायला काहीच नाही. रेज तिथं जास्त शोभते. शिवाय मोठ्या फ्लशची भीती मी उगाच बाळगायचो. आपल्या हातात दोन इस्पिक, फ्लॉपवर दोन, तर समोरच्याच्या कुठल्याही दोन पानांत दोन्ही इस्पिक असण्याची शक्यता 3.3 टक्के. नऊ जणांच्या टेबलावरची भीती दोघांच्या खोलीत कशाला आणायची?

बटण अण्णांकडे असताना, म्हणजे मला आधी बोलायचं असताना काय करायचं, ते अजून जमत नाही. चेक-रेज करतो (आधी चेक, मग त्यांनी लावले की रेज), ते कॉल करतात, आणि टर्नला मी परत आंधळा. फुकट पान मागायची सोय माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे.

परवाच्या गुरुवारी तेच झालं. मी बिग ब्लाइंडला, इस्पिक गुलाम-नव्वी. फ्लॉप इस्पिक अठ्ठी, बदाम सत्ती, इस्पिक तिर्री. फ्लशची नऊ आणि इस्पिक सोडून तीन दश्श्या, बारा आउट्स, दोन पानांत 45 टक्के. चेक-रेज केली, कॉल आला. टर्नला किलवर चौकी. मी विचारात, आणि अण्णा माझ्याकडे न बघता गड्डीकडे बघतायत.

गड्डीच्या वरच्या पानाच्या पाठीवर पिवळा तेलकट अंगठा उमटलेला होता. भडंगाचा. गेल्या आठवड्यात तो इस्पिक दश्शीवर पडला तेव्हा आम्ही दोघांनी मिळून रुमालानं पुसला होता, गेला नव्हता. आमच्यात पान जाळायची (उघडण्याआधी वरचं एक पान बाजूला टाकायची) पद्धत नाही, त्यामुळे रिव्हरला तेच येणार होतं.

मी काही न बोलता 30 पुढं सरकवले. अण्णांनी गड्डीकडे पाहिलं, बोर्डावरच्या दोन इस्पिकांकडे पाहिलं, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा पानं टाकली.

डाव रद्द धरला. नवी गड्डी अण्णा आणणार आहेत, भडंग मी चमच्यासकट.