‘विचाराधीन’ म्हंजे नक्की काय, नानांनी विचारलं

परवा रात्री जेवणं झाल्यावर नानांचा गावावरनं फोन आला. कुणीतरी व्हॉट्सॲपवर लोकसभेतली क्लिप पाठवली होती, आपले खासदार रस्त्यावर आन कांद्यावर बोलतायत ती. नाना म्हणाले, "बोलला बाबा, चांगलं बोलला. पण मला येक सांग, ते बोलल्यावर फुडं काय व्हतं? समोरचा सायेब काय लिवून घेतो का नुसता ऐकतो?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. तीन-चार दिवस रोज रात्री बसून वाचलं, शोधलं, आणि जे कळलं ते इथं लिहितोय, कारण माझ्यासारखे पुण्यात राहणारे आणि जीव गावाकडं असणारे खूप जण आहेत.

आधी आमच्या रस्त्याबद्दल सांगतो. मी दिघीला राहतो, गाव मंचरच्या आत. पुण्यातनं मंचर साधारण साठ किलोमीटर, सरळ नाशिक हायवे. दीड तासात पोचायला पाहिजे, पण सणावाराला किंवा शनिवारी संध्याकाळी निघालं की मोशीपासनं जी रांग लागते ती चाकण ओलांडेपर्यंत संपत नाही. चाकणला एमआयडीसी आहे, हजारो लोकांना तिथं काम मिळालं, आमच्या गावातल्या पोरांनाही मिळालं, त्याबद्दल तक्रार नाहीच. पण कंपन्यांचे कंटेनर, कामगारांच्या बस, शाळेच्या गाड्या, आणि खेड-आंबेगाव-जुन्नरहून पुण्याला येणारा सगळा भाजीपाला, हे सगळं त्याच एका रस्त्यावर. तळेगाव चौकात उभं राहून बघा कधीतरी.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात नानांनी कोथिंबीर केली होती. बाराशे जुडी. दुपारपासनं बायका उपटत होत्या, आईनं स्वतः बसून जुड्या बांधल्या, धुतल्या, पिकअपमध्ये ओलं पोतं टाकून भरल्या. गाडी रात्री दहाला निघाली आणि चाकणच्या अलीकडं एक कंटेनर आडवा झालेला, त्यात अडकली ती पहाटेपर्यंत. मार्केटला पोचली तेव्हा घेणारे माल घेऊन निघून गेलेले, कोथिंबीर आतनं गरम होऊन पिवळी पडायला लागलेली. शेकड्याला जो भाव मिळाला त्यातनं हमाली, तोलाई वजा केली तर गाडीभाडंसुद्धा निघालं नाही. नाना काही बोलले नाहीत, विक्रीच्या हिशेबाची पट्टी घडी करून खिशात ठेवली. ती पट्टी अजून देव्हाऱ्याच्या फळीवर आहे.

म्हणून दिल्लीत कुणी ‘पुणे-नाशिक महामार्ग’ असे शब्द उच्चारले की आमच्या घरात टीव्हीचा आवाज वाढतो.

या रस्त्याचा विषय आजचा नाही. आमचा मतदारसंघ आधी खेड होता, २००८ च्या फेररचनेनंतर शिरूर झाला. नाना अजून मंचरच्या किसनराव बाणखेल्यांचं नाव काढतात, १९८९ ला जनता दलाकडनं ते खासदार झाले तेव्हा नाना तरुण होते. मग २००४ पासनं सलग पंधरा वर्षं शिवाजीराव आढळराव, आणि २०१९ पासनं नारायणगावचे डॉ. अमोल कोल्हे, २०२४ ला परत तेच. पक्ष वेगळे, माणसं वेगळी, पण पुणे-नाशिक रेल्वे, हायवे, बैलगाडा शर्यत, कांदा हे विषय दोघांनीही लोकसभेत मांडले. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. माणूस बदलला तरी प्रश्न तोच राहिला याचा अर्थ तो प्रश्न गावाचा आहे.

बैलगाड्याचं उदाहरण घ्या. २०११ ला केंद्रानं बैलाचं नाव खेळ-प्रदर्शनाला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं, २०१४ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि शर्यतीचे घाट बंद पडले. राज्याचा कायदा २०१७ ला झाला, डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ ला घटनापीठानं तो कायदा ग्राह्य धरला. बारा वर्षं गेली. कोर्टात लढले, रस्त्यावर उतरले, विधानसभेत आणि लोकसभेत बोलले, सगळं एकत्र लागलं. म्हणून "नुसतं बोलून काय होतंय" असं मी तरी म्हणणार नाही.

रस्त्याचं सध्याचं असं आहे की ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं नाशिक फाटा ते खेड हा तीस किलोमीटरचा आठपदरी उन्नत मार्ग मंजूर केला, खर्च ७,८२७ कोटी. मंजूर झाला त्या दिवशी मी नानांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले "खांब दिसू दे."

रेल्वेचं दुखणं जास्त मोठं आहे. पुणे आणि नाशिक इतकी मोठी शहरं, पण सरळ लोहमार्गच नाही, आजही गाडी कल्याणवरनं फिरून जाते. चाकण-मंचर-नारायणगाव-संगमनेर असा २३५ किलोमीटरचा सेमी हायस्पीड मार्ग आखला होता, मोजण्या झाल्या, काही ठिकाणी जमिनी घेणंही चालू झालं. मग नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा मुद्दा आला. तिथं आणि आसपासच्या भागात मिळून ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत, आकाशातनं येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी टिपतात, आणि विजेवरची रेल्वे जवळनं गेली तर त्यात गोंगाट मिसळतो. रेल्वेमंत्र्यांनी हेच कारण देऊन मार्ग शिर्डी-अहिल्यानगरकडनं न्यायचं सांगितलं. म्हंजे ज्या तालुक्यांनी वर्षानुवर्षं रेल्वे मागितली त्यांनाच वळसा. शाळेत असताना २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला आम्हाला खोडदला नेलं होतं, उसाच्या आणि द्राक्षाच्या शेतांमध्ये उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या ताटल्या बघून मी घरी येऊन दोन दिवस तेच बोलत होतो. दुर्बीण आमचीच आहे, ती बिघडावी असं इथल्या कुणालाच वाटत नाही. पण दुर्बीण सांभाळून मंचर-नारायणगावला रेल्वे कशी आणायची, त्यासाठी किती पर्याय तपासले, प्रत्येकाचा खर्च किती, हे सभागृहात आकड्यांसकट मागितलंच पाहिजे.

आता कांदा. यावर लिहायला बसलो की हात थांबत नाही. गावरान कांदा मार्च-एप्रिलला निघतो, चाळीत, म्हंजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरतात, आणि भाव यायची वाट बघतात. चाळीत कांदा नुसता पडून नसतो, रोज वजन घटतं, कुठं सडतो, पावसाळी हवेत मोड येतात. त्यामुळं ऑगस्ट ते नोव्हेंबर हेच चार पैसे व्हायचे दिवस. आणि नेमकं १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य ठरवलं, ८ डिसेंबरला निर्यातच बंद. ४ मे २०२४ ला बंदी उठली ती पण ५५० डॉलर आणि ४० टक्के घेऊनच, सप्टेंबरला शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि पूर्ण शून्य झालं १ एप्रिल २०२५ ला. हे सगळं कागद म्हणून वाचताना चार ओळी आहेत, पण आमच्या चाळीत दीड हंगाम गेला. शहरात कांदा महाग झाला की माझ्या बायकोलाही त्रास होतो हे मला माहितीये. पण स्वस्त कांद्याची सगळी किंमत चाळीवाल्यानंच का भरायची?

त्याच डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रिया सुळे आणि कोल्हे यांच्यासकट ४९ खासदार एका दिवशी निलंबित झाले, १९ तारखेला. संसदेच्या सुरक्षेवरनं गोंधळ चालू होता, त्यात. मला राजकारण बाजूला ठेवून एवढंच दिसलं की निर्यातबंदी नुकतीच लागलेली आणि आमच्या जिल्ह्याचे आवाज आत नाहीत. नंतर शेवटच्या आठवड्यात शिवनेरीपासनं पुण्याच्या कलेक्टर ऑफिसपर्यंत शेतकरी आक्रोश मोर्चा निघाला.

बरं, नानांच्या प्रश्नाकडं येतो. क्लिपमध्ये आपण बघतो ते बहुतेक वेळा शून्य प्रहरातलं असतं, दुपारी बारानंतर, दोन-तीन मिनिटं मिळतात, मंत्र्यानं लगेच उत्तर द्यायलाच पाहिजे असं बंधन नसतं. नियम ३७७ खाली विषय मांडला तर मंत्रालयाकडनं लेखी उत्तर येतं. आणि खरं वजन प्रश्नोत्तराला. सकाळी अकराला तारांकित प्रश्न, मंत्री उभं राहून उत्तर देतो आणि वर उपप्रश्न विचारता येतो. दिवसाला वीसच असतात आणि कुणाचा लागणार ते चिठ्ठीवर ठरतं. अतारांकित दिवसाला २३०, त्यांचं उत्तर लेखी, आणि ही सगळी उत्तरं संसदेच्या साइटवर कुणालाही बघता येतात. मी दोन रात्री तेच वाचत बसलो.

आणि त्या उत्तरांमध्ये एक शब्द परत परत येतो, ‘विचाराधीन’. मला आधी वाटलं झालं, फाइल झोपली. पण तसं नाहीये! लोकसभेत सरकारी आश्वासनांची एक समिती आहे, १९५३ पासनं, आणि मंत्र्यानं "विषय विचाराधीन आहे", "माहिती गोळा करतोय", "तपासून बघू" असलं काही म्हणलं की ते आश्वासन म्हणून नोंदवता येतं, आणि तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं. नाही झालं तर मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते, ती समिती त्यांना बोलावून विचारू शकते. म्हंजे नाना, साहेबाला लिहून घ्यावंच लागतं.

हे नानांना फोनवर सांगितलं तर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आन हे आपल्याला आजवर कुणी का नाय सांगितलं?"

अजून एक गोष्ट, गावात खासदार आले की लोक गावच्या रात्रीच्या मुक्कामी एसटी गाडीचं विचारतात, विजेचा डीपी जळाल्याचं विचारतात. ती गाडी पहाटे साडेपाचला निघायची, कॉलेजची पोरं आणि दुधाचे कॅन घेऊन, ती बंद झाल्यापासनं पोरींचे हाल आहेत, मला मान्य आहे. पण ते राज्याचं, ते आमदाराकडं न्यायचं. दिल्लीत विचारायचं ते राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे, निर्यात, शुल्क, आणि बिबट्यासुद्धा, कारण वन्यजीव कायदा केंद्राचा. रात्री तीन फेजची लाइट आणि उसात बिबट्या, अशा वेळी पाणी भरायला एकट्यानं जायचं म्हंजे काय ते ज्याचं त्यालाच कळतं.

माझं एक म्हणणं आहे, खासदारांनी अधूनमधून मराठीत बोलावं. लोकसभेत मराठीच्या भाषांतराची सोय आहे. चाळ, मोड, पट्टी, हळवा, गरवा, हे शब्द हिंदीत गेले की त्यातलं नुकसान गळून जातं.

या रविवारी मी गावी गेलो, पहाटे पाचला निघालो म्हणून चाकण मोकळं मिळालं. पारावर आठ-दहा जण जमले होते, नानांनीच बोलावलेले. खासदारांना पत्र लिहायचं ठरलं, भाषण करा म्हणून नाही, प्रश्नच आपण तयार करून द्यायचे: उन्नत मार्गाचं काम कुठल्या तारखेला चालू होणार, जमीन किती ताब्यात आली, रेल्वेचे कुठले पर्याय तपासले, निर्यातीवर निर्बंध लावायच्या आधी चाळीत किती कांदा आहे ते कुणी मोजलं होतं का. मी लिहीत होतो, नाना सांगत होते, शेजारचे तात्या मधेच "तारीख माग, तारीख" म्हणत होते.

शेवटी सह्या झाल्या. नाना उठून घरात गेले आणि देव्हाऱ्याच्या फळीवरची ती कोथिंबिरीची पट्टी घेऊन आले. "ह्याची झेरॉक्स लाव त्याला," म्हणाले. मंचरला रविवारी झेरॉक्सचं दुकान बंद होतं, म्हणून पट्टी बरोबर घेऊन आलोय. उद्या ऑफिसला जाताना झेरॉक्स काढतो, आणि मूळ कागद शनिवारी परत फळीवर ठेवायचाय, तसं नानांनी तीनदा बजावलंय.